पांढरं, हिरवं

नायना विचारतात, विमान आपसूक चालतं म्हणे,
मग तुला पगार कसला देतात?
पुढ्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, वर तेल,
भिंतीपलीकडे वडनाल शेठचे सहा यंत्रमाग.
मी म्हणते, बघत बसण्याचा.
ते पुन्हा विचारतात. ऐकू कमी येतं,
चाळीस वर्षं मागांनी कान खाल्ले.

बघत बसणं म्हणजे असं:
उंचीचा आकडा मी फिरवून लावते,
कॅप्टन कुरियन त्यावर बोट ठेवून मोठ्यानं वाचतात, मीही वाचते.
दोन शहाणी माणसं दिवसभर एकमेकांना
बालवाडीतल्यासारखे अंक म्हणून दाखवतात.
मग पडद्यावर वरच्या ओळीत अक्षरं उमटतात.
पांढरी म्हणजे, ऐकलंय, करेन.
हिरवी म्हणजे, करतोय.
या दोन रंगांमधल्या अंतरावर
माझं पोट चालतं.

लहानपणी मी नायनांचा डबा घेऊन कारखान्यात जायचे.
जेकार्डवर छिद्रांचे पुठ्ठे, दोरीनं ओवलेले,
एकामागून एक वर चढायचे
आणि खाली चादरीवर मोर उतरायचा.
नायना नुसते उभे.
मला वाटायचं, फुकट उभे आहेत.
एकदा कुणीतरी पुठ्ठे उलटे ओवले.
जेकार्डनं तेही इमानानं विणलं,
मानेच्या जागी पिसारा,
चार बोटं कापड, आणि नायनांचा तळवा
दांड्यावर पडला.
"त्याचं काय चुकलं?" ते म्हणाले होते,
"दिलं ते केलं त्यानं."

आज मुंबईहून येताना, दुपारचे अडीच,
उजनीचं पाणी मागे पडलेलं,
एप्रिलची हवा तव्यावरच्या थेंबासारखी उडत होती.
चार हजार फुटांवर थांबायचं. लावलं, वाचलं, बोट ठेवलं. पांढरं आलं.
तेवढ्यात टॉवर म्हणाला,
पाचवरच राहा, खाली शिकाऊ विमान आहे.
पुन्हा लावलं, वाचलं, बोट ठेवलं.
पण पाच हजार तोवर अगदी पायाशी आलेलं.
पांढरं लुकलुकलं, गेलं.
हिरवं आलंच नाही.
यंत्र रुसत नाही, ओरडत नाही,
आधी सांगितलेलं काम शांतपणे करत राहतं.
उतरत राहतं.

"पकडलं नाही," मी म्हणाले.
"हातात घे," कुरियन म्हणाले,
चहा नको म्हणावं तशा आवाजात.
अंगठ्याखाली बटण,
घोडदळाच्या तुतारीसारखा एक आवाज,
आणि सगळं विमान, माणसांसकट, पेट्यांसकट,
दोन तळव्यांत.
ऐंशी फूट खाली गेलो, वर आलो.
बाराव्या रांगेतल्या मावशींची झोप मोडली नसेल.

नंतर ते परत लावता आलं असतं.
लावलं नाही.
कोरडा ओढा, उसाचा एक हिरवा चौकोन,
एमआयडीसीची चकाकणारी पत्र्याची छपरं
आणि मग होटगी रोडची ती धावपट्टी,
डोळ्यांनी शोधून, हातांनी आणली.
कुरियन काही बोलले नाहीत, फक्त वेग वाचत राहिले.
रिपोर्टमध्ये दोन ओळी लिहिल्या.

"मग आज काय झालं?" नायना विचारतात.
काही नाही.
"दिवसभर काही नाही?"
काही नाही, नायना.
अम्मा माझ्याकडे बघते, भाकरी मोडून वाढते.

त्यांचा घास मध्येच थांबतो.
"चौथ्याचा धागा गेला."
मला तर तोच खडखडाट, तसाच.
पलीकडचा पोरगा मोबाइलवर असणार.
नायना उष्ट्या हातानंच भिंतीवर दोनदा थापटतात,
कान देतात.
माग चालूच.
मग उठतात, चपला शोधतात,
दारातून म्हणतात,
भाकरी झाकून ठेव.